खाटेखालचं घमेलं

कसबा बावड्यात रत्नाबाई चौगुल्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. त्या सगळ्या गल्लीच्या अक्का. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळ्या, आणि जीभ अशी की दूधवाल्यानं माप जरा कमी घातलं तर त्याच्या आजोबापर्यंतचा उद्धार व्हावा. पण हिवाळ्यात त्यांच्या फाटकातून आत डोकावणारा माणूस ती जीभ विसरायचा. कंपाउंडच्या कडेनं डेलियाची रांग उभी असायची. ताटलीएवढी फुलं. पांढरी, पिवळी, आणि एक गडद, वाळल्या कोकमाच्या रंगाचं. ते गडद रोप अक्कांनी तीसेक वर्षांपूर्वी निपाणीहून, माहेरच्या परड्यातून, डब्यात लावून आणलं होतं. शहरातल्या फुलांच्या प्रदर्शनात त्यानं दोनदा करंडक मिळवला. दोन्ही करंडक हॉलच्या शोकेसमध्ये आहेत आणि त्यांच्यावर नाव एकट्या अक्कांचं आहे.

खरं तर त्यावर शेजारच्या बाळाबाई पोवारांचंही नाव पाहिजे होतं. पण ते त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही, अक्कांच्या तर नाहीच.

डेलियाचा सगळा जीव जमिनीखालच्या कंदात. फुलं सरून पाला वाळला की उन्हाळ्यात कंद खणून काढायचे, राखेत कोरडे ठेवायचे आणि पावसाळा ओसरला की पुन्हा लावायचे. तसेच जमिनीत राहिले तर बावड्याच्या काळ्या मातीत पावसात कुजून जातात. आणि अक्का जैन. लग्न होऊन आल्या त्या वर्षी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आलेल्या मुनिमहाराजांसमोर त्यांनी नेम घेतला होता, कंद खायचा नाही, खणायचा नाही, घरात आणायचा नाही. कंद उपटताना मातीतले किती जीव मरत असतील याचं त्यांना मनापासून भय वाटायचं. ते सोंग नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मग डेलिया लावायला सांगितला होता कुणी? हे बाळाबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं. बाळाबाई नुकत्याच शेजारी राहायला आल्या होत्या, आणि अक्का वाळल्या झाडांपाशी रडकुंडीला येऊन उभ्या होत्या.

"तुमच्या मळ्यात नांगर फिरतोय तवा जीव मरत न्हाईत व्हय, अक्का?"

"ते पोटासाठी. त्याला इलाज न्हाय. ही नुसती माजी हौस."

"मग सोडा की हौस."

अक्का वाळला पाला गोळा करायला लागल्या. सुटत असती तर सोडली नसती का! बाळाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, पदर खोचला आणि खुरपं घेऊन खाली बसल्या. "सरा बाजूला. पाप लागलं तर मला लागू दे. म्या काय मरत न्हाय त्यानं."

दोघी पोट धरून हसल्या. पुढं तीस वर्षं हीच रीत चालली. खणायचं आणि लावायचं बाळाबाईंनी. पाणी घालायचं, काठीला बांधायचं, शेंड्याची एकच कळी ठेवून बाजूच्या खुडायच्या, हे अक्कांनी. अक्का औषध मारत नसत. पानावरची अळी काडीनं उचलून अलगद कंपाउंडपलीकडं सोडायच्या, म्हणजे पोवारांच्या मेथीत. यावरून बाळाबाई त्यांना वर्षभर चिडवायच्या. आणि कंद चौगुल्यांच्या घरात चालत नसल्यामुळं राखेचं घमेलं बाळाबाईंच्या लोखंडी खाटेखाली सरकवलेलं असायचं. खणताना अक्का तिथं थांबत नसत. आत जाऊन चहा टाकायच्या.

यंदा होळीनंतर बाळाबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्या खाटेला खिळल्या. महिनाभरानं बोलणं थोडं फिरून आलं, जडजड, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. अक्का रोज दुपारी जाऊन बसायच्या, पाय चोळून द्यायच्या. एका दुपारी बाळाबाईंची सून क्रांती आत भांडी घासत होती, तेव्हा बाळाबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"अक्का, एक इचारू? ह्याच हातानं खणलं न्हवं मी? म्हणून ह्योच हात गेला काय?"

"कायबी बोलतीस. बीपीची गोळी चुकवलीस म्हणून झालं. डॉक्टर म्हणाला की."

"मातीत काय मेलं ते डॉक्टरला काय ठावं? तुमीच म्हणायचा, लई पाप असतंय."

ही थट्टा नव्हती. बाळाबाई घाबरल्या होत्या, आणि ते भय त्यांना दिलं होतं अक्कांनीच. पाप-बिप काही नसतं, असं म्हणायला अक्कांनी तोंड उघडलं. पण ते नसेल तर स्वतःचा जन्मभराचा नेम कशासाठी होता? आणि असेल तर ते इतकी वर्षं कुणाच्या अंगावर टाकलं?  दिवे लागायच्या आत जेवायचं निमित्त सांगून त्या उठल्या.

रोज पहाटे सामायिकाला, जैनांच्या ध्यान-प्रार्थनेला, बसल्यावर अक्का म्हणत आल्या होत्या, जे पाप मी केलं, जे दुसऱ्याकडून करवलं, करणाऱ्याला जे भलं म्हटलं, ते सगळं मिथ्या होवो, म्हणजे पुसलं जावो. हजारदा म्हटलेली ओळ. दुसऱ्या दिवशी 'करवलं' हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि अक्का तिथंच थांबल्या. इतकी वर्षं आपण काय बडबडत होतो, असं वाटून त्यांना स्वतःची शिसारी आली.

मे महिना लागायच्या आतच वळीव दोनदा झोडपून गेला. कंद अजून जमिनीत होते. रोज बाळाबाई विचारायच्या, "काढली काय?" अक्का म्हणायच्या, "काढते." मुलगा वृषभ, त्याचं उद्यमनगरात वर्कशॉप, म्हणाला, "आई, एक माणूस पाठवतो. अर्ध्या तासाचं काम."

"पुन्यांदा दुसऱ्याचाच हात व्हय? नको."

"मग राहू दे. कुजू दे. नवीन रोपं आणू नर्सरीतनं."

तेही करता आलं असतं. नेम शाबूत राहिला असता. पण मग बाळाबाईंनी तीस वर्षं जे केलं ते कशासाठी होतं? आकाश पुन्हा भरून आलं तशी अक्का पोवारांकडं गेल्या आणि क्रांतीकडून खुरपं मागून घेतलं. त्याची मूठ बाळाबाईंच्या हातानं गुळगुळीत झाली होती. क्रांती म्हणाली, "अक्का, मीच देऊ काय काढून?" अक्कांनी मानेनंच नको म्हटलं.

गुडघे दुखत होते, तरी त्या मातीत बसल्या. पांढरा डेलिया आधीच गेला होता. बोट लावलं की बोट आत, आणि कुजका वास. पिवळाही तसाच. गडद फुलाच्या बुंध्याशी खुरपं घातलं तेव्हा मधोमध कापलेलं गांडूळ वर आलं. दोन्ही तुकडे वळवळत होते.  अक्का तिथंच डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत राहिल्या. डोळे उघडले तेव्हा एकच तुकडा हलत होता. मग त्यांनी खुरपं पुन्हा उचललं. गड्डा शाबूत निघाला.

हात न धुता, गड्डा पदरात घेऊन त्या बाळाबाईंच्या खाटेशी गेल्या. बाळाबाईंनी गड्ड्याकडं बघितलंच नाही. डाव्या हातानं अक्कांचा हात धरून नखांतली माती बघितली.

"तुमी काढलं?"

"व्हय."

"काय तुटलं काय?"

"गांडूळ."

"तुमाला दिसलं?"

"दिसलं."

 "मी कवाच बघितलं न्हाय, अक्का. बघायचं असतंय ते मला कुठं ठावं हुतं?"

अक्कांना राहवलं नाही. "बाळाबाई, तू घाबरू नको. शास्त्रात सांगितलंय. करणाऱ्याएवढंच पाप करवणाऱ्याला लागतंय. ते सगळं माजं हाय."

"करणाऱ्याएवढंच?"

"व्हय."

"म्हंजे करणाऱ्याला हायच की."

अक्का धीर द्यायला गेल्या होत्या आणि शास्त्र सांगून बसल्या. आता मागं घेता येत नव्हतं. बाळाबाईंनी हात सोडला. म्हणाल्या, "राखंत घाला. जाग्यावर ठेवा." अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा कंद राखेत पुरले आणि घमेलं खाटेखाली सरकवलं.

त्यानंतरही अक्का रोज जायच्या, पण बाळाबाई फारसं बोलत नसत. चिडवणं तर बंदच झालं. आषाढात दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर पोवारांनी खाट बाहेर काढली, कुणालातरी देऊन टाकायला. घमेलं गटारीच्या कडेला पावसात पडलेलं अक्कांनी फाटकातून बघितलं. त्या तशाच भिजत गेल्या आणि ते कडेवर घेऊन आल्या. वृषभ दारातच होता.

"आई, कंद घरात? दे इकडं, गॅरेजमधी ठेवतो."

"तिच्या खाटंखाली तीस वर्सं हुतं, तवा तू जागा सुचवली न्हाईस."

त्यांनी घमेलं आत नेलं आणि आपल्या कॉटखाली सरकवलं. नेम मोडला म्हणून प्रायश्चित्त घ्या, असं बस्तीत कुणीतरी सुचवलं. अक्कांनी घेतलं, उपास केले. त्यानं मनावरचं ओझं काही हललं नाही.

अजून रोज पहाटे त्या सामायिकाला बसतात. 'जे दुसऱ्याकडून करवलं' इथपर्यंत येतात, मग बाळाबाई पोवार असं पुरं नाव घेतात. त्यापुढं जे म्हणायचं असतं, ते सगळं मिथ्या होवो, ते त्यांना म्हणवत नाही.