चौथा सड वासराचा

रविवार, नऊ मार्च. सकाळची वेळ. ठिकाण : आमच्या महिला दूध संस्थेचं संकलन केंद्र, केज तालुका. हजर : सुमनआक्कांचा मुलगा प्रकाश, सून रेखा, संस्थेच्या सभासद बाया, पेंटर गफूरभाई आणि सचिव म्हणून मी. गैरहजर : अध्यक्षा सुमनआक्का. संस्थेच्या बैठकीला पहिल्यांदाच.

आक्का गेल्या महिन्यात झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी त्या याच केंद्रात गफूरभाईंशी भांडत होत्या. भिंतीवर गफूरभाईंनी गाय रंगवली होती, धार काढणारा माणूस रंगवला होता आणि वासरू लांब खुंट्याला बांधलं होतं. "खुंट्याला कावून बांधलंय? गायीच्या पुढच्या पायाला बांधा. लेकराचा वास लागल्याबिगर पान्हा फुटत असतो व्हय?" गफूरभाईंनी निमूटपणे वासरू पुसलं. "उद्या सांगते कसं बांधायचं ते," म्हणून आक्का घरी गेल्या...

या चित्राची मुळं दुष्काळात आहेत. एका उन्हाळ्यात कॅन भरलाच पाहिजे म्हणून आक्कांनी स्वतःची गाय पार पिळून काढली आणि तिची कालवड मेली. पुढच्या दुष्काळात गुरं छावणीला असताना त्यांनी नियमच केला : गायीच्या तीन सडांचं दूध संस्थेला, चौथ्याचं वासराला. बाया चिडल्या. "आक्का, कॅन भरला न्हाई तर गाडी येत न्हाई. मग काय दूध वतून द्यायचं?" "आन् उद्याची गाय कुठून आणतीस गं? आभाळातून?" आक्का ठाम बोलायच्या. पण दुधाची गाडी आली नाही त्या दिवशी माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "शोभा, माझ्यापायी संस्था तर बुडणार न्हाई ना?" संस्था तगली. तो प्रश्न मात्र त्यांच्या मनातून गेला नाही.

आक्कांची साठी झाल्यावर प्रकाशने विचारलं, "आई, कुठं फिरायला जायचं?" बोधगया बघून झालं होतं. आक्का म्हणाल्या, "इजिप्त. टीव्हीत दाखवलंय, तिथं पाऊसच पडत न्हाई. मग गुरं कशावर जगत्यात ते बघायचंय." मी म्हटलं, तिथं मोठी नदी आहे. "नदी आपल्यालाबी हाय की, मांजरा. पाणी कुठंय?" सोबत म्हणून मला नेलं. सामानाची यादी माझी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांची.

पिरॅमिडकडे बघून "लई मोठं हाय" एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवून रस्त्यावरच्या गाढवाच्या गाडीकडे निघाल्या. गाडीत हिरवा चारा रचलेला. "अगं, हे तर आपलं बरसीम!" गाडीवानही हसून "बरसीम, बरसीम" म्हणाला. मग आक्कांना परदेश असा वाटलाच नाही. उन्हाला तर त्यांनी गावाकडचा पाहुणा आल्यासारखं घेतलं.

एका जुन्या थडग्याच्या भिंतीसमोर मात्र त्या थबकल्या. दगडात कोरलेली गाय, खाली बसून धार काढणारा माणूस आणि गायीच्या पुढच्या पायाला बांधलेलं वासरू. आमचा गट पुढे गेला, आक्का हलेनात. "शोभा, त्याला इचार. वासराला ठेवत व्हते का?" आमचा गाईड पिकल्या मिशांचा, शेतकऱ्याघरचा माणूस. मला 'सड' इंग्रजीत सुचेना. शेवटी चार बोटं दाखवली आणि एक मिटलं. त्याला लगेच कळलं. त्यानेही चार बोटं धरली, एक मिटलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, माझी आई असंच करायची. त्या जुन्या लोकांचं मात्र ठाऊक नाही. मी सांगितल्यावर आक्का किती तरी वेळ त्या वासराकडे बघत राहिल्या... "जुन्यांचं राहू दे. वाळवंटात ह्याची आई सोडत व्हती ना? बास झालं."

गावी परतताना वाटेत मांजरसुंब्याला चहा घेताना त्या एवढंच बोलल्या, "त्या गायीचं चित्र केंद्रात रंगवून घे."

रविवारच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, नियम पुढे ठेवायचा का? पाऊस यंदाही कमीच झालाय. रेखा उठून म्हणाली, "संध्याकाळी धारंला या आमच्याकडं." आम्ही गेलो. तिने वासरू गायीच्या पुढच्या पायाला बांधलं, तीन सड पिळले, बादली उचलली आणि दावं सोडलं. वासराने ढुशी दिली. मी वहीत लिहिलं : नियम कायम. गफूरभाई वाकून दाव्याची गाठ बघत होते.

केंद्रातल्या भिंतीवर खुंट्यापाशी पुसलेल्या वासराचा पांढरा डाग अजून आहे. गायीच्या पायाशी वासरू रंगवायचं राहिलंय.