मिशीवाली बाई

गडचिरोलीच्या बसस्टँडमागे माझ्या दोस्ताचं सलून आहे. दाढी करताना गिऱ्हाईक बोललं की तो गालावर कंगवा मारतो. "गप राहा ना भाऊ, कापलं तं मलेच म्हणसान." स्वतः मात्र सारखा गुणगुणत असतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रेत आमची दंडार होते, नाचगाण्याचं जुनं नाटक. त्यात बाईचं सोंग याचंच. आदल्या दिवशी तो आपली झुबकेदार मिशी स्वतःच्या हातानं उतरवतो, आणि मग त्याची थट्टा करायची कोणाची हिंमत होत नाही.

यंदा पुण्याकडचा एक दिग्दर्शक दंडारीला 'आजची' करायला आला, जणू आम्ही सगळे कालचेच. याला म्हणाला, "लुगडं नेसा, पण मिशी ठेवा. गंमत त्यातच आहे."

हॉलमध्ये प्रयोग झाला. नवरा गेलेल्या बाईचं रडगाणं सुरू झालं आणि लोक मिशीकडे बघून खिदळायला लागले. माझं डोकंच फिरलं.

तो गाता गाता थांबला. "बाई रडून राह्यली अन् तुमी हासून राह्यले?" विंगेतून वस्तऱ्याची धोकटी आणली, पाणी लावलं आणि सगळ्यांसमोर मिशी उतरवली. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कोणी हसलं नाही.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. "अप्रतिम! हे दर प्रयोगात ठेवू!"

दोस्तानं ओला वस्तरा पुढे केला. "ठेवा ना साहेब. पुढच्या बारीले तुमची उतरवू."

दिग्दर्शकाचा हात झटकन स्वतःच्या मिशीवर गेला.