गंधार सोडलेली गिटार

आमच्या यांच्यासारखा हट्टी माणूस मद्रासजवळच्या अख्ख्या तांबरममध्ये शोधून सापडायचा नाही. सेतुमाधवराव, रेल्वेत कारकून. ऑफिसातल्या एका अँग्लो-इंडियन मित्राने यांना स्वतःची गिटार देऊन वेड लावलं, आणि स्वारी रोज संध्याकाळी कॉफी विसरून टिणटिण करत बसायची. माझे सासरे रामस्वामीराव, म्हणजे मामंजी, तंजावरी परंपरेचे हरिकथाकार. त्यांच्या कपाळात तिडीकच जायची. एकसष्ट सालच्या रामनवमीला त्यांनी फर्मान काढलं, "आजची कथा झाली की हे खोकं ज्याचं त्याला परत जाऊ दे. घरात एक तर ते राहील, नाही तर मी."

यांनी त्या दिवशी नैवेद्याचं गुळाचं पानकही तोंडाला लावलं नाही.

कथा मारुतीच्या देवळात होती आणि मित्र शेजारीच राहायचा, म्हणून गिटार कथेलाच बरोबर घेतली. मंडप गच्च भरला. मामंजी कमरेला उपरणं बांधून, चिपळ्या घेऊन उभे राहिले. मी तंबोरा लावायला घेतला आणि घात झाला! तारांखालची घोडी निखळून पडली, तारा लोंबायला लागल्या. अय्यो, सुराशिवाय कथा कशी व्हायची?

यांनी मागचापुढचा विचार न करता गिटार काढली, खुंट्या पिळून मामंजींच्या षड्जात लावली आणि मित्राने शिकवलेलं दणकून वाजवलं: सा, ग, प एकदम. मामंजी गात होते राग खरहरप्रिया. त्यांचा गंधार कोमल, यांचा शुद्ध. दोन सवती एका चुलीवर! मामंजींनी असे डोळे वटारले की म्हटलं, आता रामायणाच्या जागी महाभारत.

"अहो, तो ग सोडा!" मी दबक्या आवाजात ओरडले. यांनी ती तार बोटाने मुकी केली. उरले फक्त सा आणि प.

आणि काय सांगू! गंधार असला की हसायचं की रडायचं, ते तोच आधी सांगून टाकतो. सा-प काहीच ठरवत नाहीत. भक्कम उभे राहतात आणि गाणाऱ्याला म्हणतात, ये, तुझा राग तू आण. तंबोरा तरी दुसरं काय करतो? आताची पोरं यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात म्हणे. मामंजींनी पुन्हा कोमल गंधार लावला, तो माहेरी आल्यासारखा निवांत बसला. कौसल्येच्या मांडीवर राम आला तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मीही.

आरती झाली. मित्र दाराशी येऊन उभा होता. गिटार छातीशी धरून हे जड पावलांनी निघाले.

"सेतू!" मामंजी गरजले. "कुठे निघालास? शनिवारी पुन्हा कथा आहे. तंबोरा काय लगेच दुरुस्त होतो?"

यांचा चेहरा असा फुलला म्हणता! तेवढ्यात मामंजींनी बोट रोखलं, "पण तुझा तो ग मात्र परसात वाजवायचा."

दुसऱ्या दिवसापासून यांचा ग परसात वाजायला लागला. आणि मामंजी संध्याकाळी खुर्ची उचलून परसातच बसायला लागले. म्हणे, आत फार उकडतं.