सात नंबरची बरणी

मातीतून माशीचे कोष चाळून काढायचे, बरणीत ओल्या वाळूवर ठेवायचे आणि वाट पाहायची. जालन्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी हेच करतोय. नुसत्या कोषावरून जात नक्की सांगता येत नाही, माशी बाहेर पडावी लागते. तोवर अहवाल होत नाही, किस्से तेवढे साठत जातात.

*

घनसावंगीहून मोसंबीच्या बागांमधल्या मातीच्या सहा पिशव्या घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टरनं एक उघडून पाहिली.

"माती घेऊन चाल्ले? जालन्यातली सरली का?"

मी तिकीट काढलं.

*

माझे सासरे त्यांच्या गावी, धावड्यात सांगतात, जावई सायंटिस्ट आहे. कुणी विचारलं, म्हणजे नेमकं काय करतो, की ते चहा मागवतात.

*

एकदा दहा दिवस जपलेल्या बरण्यांत एका सकाळी चाळीसेक माश्या निघाल्या. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना बोलवायला गेलो. परत आलो तर शिपाई गोविंदमामा फडकं घेऊन उभे.

"सर, लई माश्या झाल्त्या. सगळ्या हाकलल्या. बरण्या बी धुऊन ठेवल्या."

मॅडम खुर्चीत बसल्या. मी पुन्हा मातीच्या पिशव्या शोधायला लागलो.

*

हसनाबादचे उत्तमराव पिशवीभर माती घेऊन आले होते. मोसंबीची फळं गळत होती, आणि बुडाशी उकरलं तर गव्हाच्या बारीक दाण्यांसारखे तपकिरी कोष. शेजारी म्हणाला, फळमाशी आहे, बाग गेली.

"साहेब, जल्दी सांगा. झाडं तोडायला माणूस सांगून ठेवलाय."

त्यांची बरणी सात नंबरची. रोज सकाळी फोन यायचा, "निघाली का?" मलाही त्या बागेची काळजी लागून राहिली.

सहाव्या दिवशी ते स्वतःच येऊन बसले, आणि त्याच दिवशी माशी निघाली. भिंगाखाली पाहिली.

"उत्तमराव, ही साधी घरमाशी. शेणखतातून आली. खत कच्चंच टाकलं होतं ना? त्याच्या उष्णतेनं मुळांना त्रास झालाय, म्हणून फळ गळतंय. झाडं तोडू नका."

त्यांनी लगेच फोन लावला. "येऊ नको रे. बाग ऱ्हायली." डोळे पुसले. मलाही बरं वाटलं.

मग ते खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "साहेब, एक कागद द्या. फळमाशी निघाली, असं लिहा."

"का?"

"घरी दाखवायला. खत कुजू द्या म्हणून बायकोनं धा वेळा सांगितल्तं."