परतीचं आणि एकडावचं

सई, ओम, परवा तुमच्या गृहपाठाचा फोटो तुमच्या आईने मला पाठवला. कागदावर दोन रकाने, एकात पुन्हा निर्माण होणारी साधनसंपत्ती, दुसऱ्यात संपून जाणारी, आणि खाली ओमचा प्रश्न: "आजी, भात कळला, पण माती कुठे लिहू?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण हाच प्रश्न पूर्वी एकदा मला विचारला गेला होता, आणि तेव्हा पुस्तकातल्या एका ओळीत दिलेलं उत्तर चुकलं होतं. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

जगातल्या यच्चयावत वस्तूंची दोन ढिगांत वाटणी करून निर्धास्त झालेली एकच व्यक्ती मी पाहिली. बारवीकडच्या एका पाड्यावरून बदलापूरला भाजी आणि फळं विकायला येणारी मावशी. तुमची आई शाळेत जात होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहायचो आणि मी अंबरनाथच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण वर्गीकरणात तिने मला कधी जिंकू दिलं नाही. तिचे ढीग दोनच: परतीचं, म्हणजे पुन्हा येणारं, आणि एकडावचं, म्हणजे एकदाच मिळणारं. पाऊस परतीचा. केस परतीचे. दुधाचे दात परतीचे, नंतरचे एकडावचे. तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. त्याच्याबद्दल मी हळूच विचारलं, तर टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "एकडावचा व्हता, बाई."

रायवळ आंबे ती विकायची, पण कोयी विकायची नाही. "आंबा तुमचा, कोय माजी," हा तिचा कायदा. दुसऱ्या दिवशी ती कोयी मोजून परत न्यायची आणि पाड्याकडे जाताना वाटेतल्या उतारावर पायाच्या अंगठ्याने माती उकरून पुरत जायची. फणसाच्या आठळ्या, काकडीच्या बिया, सगळ्याला हाच नियम. एकदा उल्हासनगरचे एक सिंधी कापडव्यापारी, तुमच्या आजोबांचे स्नेही, आमच्याकडे जेवायला आले होते. ते आंबा चोखत होते आणि मावशी दारात बसून त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. बिचारे अवघडले. "अरे मौसी, गुठली का क्या करोगी?" मावशी म्हणाली, "चोखा सायब, पन दात नका मारू तिला." त्यांनी कोय इतक्या अदबीने ताटात ठेवली की जणू ती काचेची होती.

रॉकेलची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. ते कुठून येतं, असं तिने विचारलं. मी सांगितलं, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव जमिनीखाली दबून त्यांचं तेल होतं. मावशी स्टोव्हकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिने त्याला चक्क हात जोडले. तुमच्या आजोबांना कपात अर्धा चहा तसाच ठेवायची सवय होती. त्यांना ती म्हणाली, "सायब, एवढ्या म्हाताऱ्या मयतावर उकळलाय, तर पुरा तरी प्या." त्या दिवसापासून आजोबांच्या कपात थेंब उरला नाही.

मग विटांच्या भट्ट्या वाढल्या. भट्टीवाले शेतातली वरची हातभर माती विकत घेऊन खणून न्यायचे. मावशीच्या दिराने त्यांना होकार दिला. शेत दोघांचं, म्हणून मावशी अडून बसली. शेवटी एका रविवारी दोघं निवाड्यासाठी माझ्याकडे आले.

"बाई, तुमी भूगोलाच्या," दीर म्हणाला. "वहिनीला सांगा. हातभर माती दिली म्हनून शेत काय पळून जातं? खाली बी मातीच हाय."

"हाय," मावशी म्हणाली, "पन ती भाताची नाय."

मी कपाटातून क्रमिक पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं: पिके, वने, पाणी, माती, ही पुन्हा निर्माण होणारी संपत्ती.

"ऐक. छापलेलं हाय," दीर खुशीत म्हणाला.

मावशी रागावली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "परत येती म्हनता. पन कवा?"

पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. मी माझं कॉलेजातलं जुनं इंग्रजी पुस्तक शोधून काढलं, वाचलं आणि खजील झाले. बोटभर माती व्हायला कितीतरी पिढ्या लागतात, असं मला सांगावं लागलं.

"मंग एकडावचीच की," मावशी म्हणाली. "तुमच्या पुस्तकाला घाई नाय, मला हाय. माज्या सासूनं, तिच्या सासूनं पालापाचोळा न् शेन घालून काळी केलीय ती. भाऊजी, भात परत येतो तो तिच्या जिवावर."

पण दिराने भट्टीवाल्याला दिलेला शब्द मोडला नाही. शेताचे दोन भाग झाले. माती उचलली जात होती ते तीन दिवस मावशी भाकरी बांधून आपल्या हद्दीवर बसून राहिली. शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. दिराचा भाग हातभर खाली गेला होता आणि मधोमध मावशीच्या जमिनीची उभी कड उघडी पडली होती. वर काळी माती, जेमतेम हातभर. तिच्याखाली पिवळा मुरूम आणि दगड. इतकी वर्षं मी फळ्यावर रंगीत खडूंनी मातीचे थर काढत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"एवढीच?" मी विचारलं.

"एवढीच," मावशी म्हणाली. "समदं एवढ्यावरच हाय."

मी चप्पल काढून ठेवली. का, ते सांगता येणार नाही.

त्या पावसाळ्यात दिराच्या खोलगट भागात पाणी तुंबलं आणि रोपं कुजली. मावशीने त्याला आपल्यातली रोपं दोनदा दिली, तीही कुजली, मग आपल्या घरातला भात दिला. टोमणा एकदाच मारला: "भाऊजी, जरा पुस्तकात बघा, कवा येती ती." मी मात्र निवृत्त होईपर्यंत फळ्यावर तिसरा रकाना आखत राहिले आणि त्यावर लिहीत राहिले, 'किती काळाने?' तेव्हा ओम, तुझ्या बाईंना हवं तिथे माती लिही, पण हा तिसरा रकाना तू आख.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. पाड्याच्या रस्त्याला आता दोन्ही बाजूंनी इमारती आहेत, दिराचा भागही त्यांच्याखाली गेला. मावशीचा तुकडा अजून आहे. तिच्या सुनेने यंदाही त्यात भात लावला आहे.