बावीसच्या गाडीला पंधराचं ॲव्हरेज

“मॅडम, गाडी घ्यायची की नाही ते नंतर सांगा. आधी पेट्रोल जातंय कुठं ते शोधा,” गड्डम म्हणाले आणि दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. दाराबाहेर बाकावर ड्रायव्हर सिद्राममामा बसले होते. आवाज खाली आणायला गड्डमना जरा उशीरच झाला. मामांनी मान दुसरीकडे फिरवली, तेव्हाच मला कळलं की त्यांनी ऐकलंय.

मी सोलापुरात एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, शेवटची दहा वर्कशॉप मॅनेजर म्हणून. आता निवृत्त आहे. लोक गाडी घेण्याआधी मला विचारायला येतात. मी सल्ला तोंडावर देते, त्यामुळे दुसऱ्यांदा येणारे कमी. डॉ. हत्तुरे त्या कमीतल्या एक. त्यांची पॅथॉलॉजी लॅब आहे. लॅबची गाडी दिवसभर शहरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करत फिरते. जुनी डिझेल गाडी थकली होती. नवी घ्यायची, तर हायब्रिड घ्यावी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हायब्रिड म्हणजे एका गाडीत दोन कामगार. एक पेट्रोल इंजिन, दुसरी विजेची मोटर. ही गाडी चार्जिंगला लावावी लागत नाही. आपण पाय ॲक्सिलरेटरवरून काढला किंवा ब्रेक दाबला, की चाकं मोटरला फिरवतात आणि बॅटरी भरते. मग हळू चालताना, गर्दीत, गाडी त्या बॅटरीवर चालते आणि इंजिन गप्प बसतं. म्हणजे जितकी थांबाथांबी, तितकी बचत. एरवी गर्दी पेट्रोल खाते, इथे उलटं. पण गाडी महाग. तेव्हा साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त मोजलेले पैसे किती वर्षांत वसूल होतात, ते बघायचं.

डॉक्टरांच्या भावाकडे पुण्यात हायब्रिड होती. तो महिनाभर परदेशी गेला आणि गाडी बहिणीकडे ठेवून गेला. “वापरून बघ, मला बावीस पडतं,” असं सांगून. बावीस म्हणजे लिटरमागे बावीस किलोमीटर. आपल्याकडे याला ॲव्हरेज म्हणतात. मामांनी आठ दिवस ती गाडी लॅबच्या रोजच्या राउंडवर चालवली. ॲव्हरेज आलं पंधरा.

बावीस आणि पंधरा यांच्यामधलं पेट्रोल कुठं गेलं, याचं उत्तर लॅबचे मॅनेजर गड्डम यांच्याकडे तयार होतं. माणूस वाईट नाही. पण आधीच्या नोकरीत त्यांनी ड्रायव्हर लोकांना टाकीत नळी घालून पेट्रोल काढताना पकडलं होतं आणि तेव्हापासून त्यांना जगात सगळीकडे नळीच दिसते.

मी गाडी तपासली. टायरमधली हवा बरोबर. ब्रेक जाम नाहीत. गळती नाही. मग मी स्वतः एक दिवस तोच राउंड मारला. पद्धत साधी असते. टाकी फूल करायची, दिवसभर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा फूल करायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं खर्च झालं. मला एकवीस पडलं.

मी खुशीत तो आकडा डॉक्टरांसमोर गड्डमना सांगितला. आणि मूर्खपणा केला.

“बघा! तुमच्या हातात एकवीस, मामांच्या हातात पंधरा. आता आणखी काय पुरावा पाहिजे?”

मामा आत आले. पंचावन्न-छप्पनचे, वळसंगचे, रोज सकाळी पहिल्या बसने येणारे. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

“गाडी तुमची, किल्ली तुमची. तीस वर्सं झाली स्टेअरिंग धरून, कुणाचा एक थेंब घेतला न्हाय. दोन वर्सं ऱ्हायली हुती माजी नोकरीची. पर ह्यो डाग घिऊन म्या गावात कुटल्या तोंडानं जाऊ?”

डॉक्टर म्हणाल्या, “मामा, कुणी चोर म्हटलेलं नाही.”

“म्हनायचं काय ऱ्हायलंय डॉक्टरबाई?”

मला फार वाईट वाटलं. त्या माणसाविरुद्धचा पुरावा मीच दिवसभर गाडी चालवून गोळा करून आणला होता. मी म्हटलं, “मला उद्याचा दिवस द्या. मामा गाडी चालवतील, मी शेजारी बसेन. टाकी फूल केल्यापासून मी गाडीतून उतरणार नाही.”

मामांनी किल्ली लगेच उचलली नाही. डॉक्टरांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली, तेव्हा घेतली.

दुसऱ्या दिवशी टाकी फूल करून आम्ही निघालो. मामांची गाडी चालवण्याची पद्धत बघत राहावी अशी. हिसका नाही, घाई नाही, उगाच हॉर्न नाही. मागच्या पेटीतल्या रक्ताच्या नळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाजसुद्धा नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला लाल दिवा लांबूनच दिसला. मामांनी पाय उचलला आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला. दांडा ‘डी’वरून ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर. गाडी आपोआप सरकत, हळू होत, बरोबर पांढऱ्या पट्टीशी थांबली.

पुढे स्पीडब्रेकर. पुन्हा ‘एन’. उतार, ‘एन’. दवाखान्याच्या गेटपाशी वळताना, ‘एन’.

मला पहिल्याच सिग्नलला कळलं. पण बोलले असते तर पुरावा हातचा गेला असता. गप्प बसणं हे माझ्या स्वभावात नाही, आमच्या घरी विचारा. तरी दुपारपर्यंत ओठ मिटून बसले. होटगी रोड, आसरा चौक करून पुन्हा पंपावर आलो. टाकी फूल केली. ॲव्हरेज पंधराला थोडं कमीच आलं. आणि गाडीला माझ्या डोळ्यांदेखत कुणी नळी लावली नव्हती.

चहाच्या गाड्यावर मी विचारलं, “मामा, ते न्यूट्रल का करता?”

“प्याट्रोल वाचतंय की!” मामा खुलले. “आमच्या उस्तादनं ट्रकावर शिकीवलं. गाडी पळतीया तवर फुकट पळू द्यायची. जुन्या गाडीत म्या असंच लई डिझेल वाचवलंय.”

“आणि या गाडीत तेच घालवताय.”

मामांचा कप तोंडाशीच थांबला. मी बिस्किटाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला चित्र काढून सांगितलं. न्यूट्रल केलं की चाकं आणि मोटर यांचं बोलणंच बंद. बॅटरी भरायची वेळ नेमकी तीच, आणि त्याच वेळी तिच्या पानात काही पडत नाही. बॅटरी उपाशी राहिली की सिग्नल सुटल्यावर गाडीला इंजिनच चालू करावं लागतं. मग हायब्रिडचे पैसे मोजून आपण साधी पेट्रोल गाडी चालवतो. शिवाय चालत्या गाडीत न्यूट्रल करणं धोक्याचं असतं, ते वेगळंच.

मामा चित्राकडे बघत राहिले. “इल्ला, इल्ला,” ते स्वतःशीच पुटपुटले. नाही, नाही. मग म्हणाले, “म्हंजी म्या आट दिस वाचवतोय म्हनून खर्चच केला?”

“हाताने खर्च केलात. पाय तुमचा सोन्यासारखा आहे. लांबूनच उचलता, ब्रेक हळू दाबता. या गाडीला तेच हवं असतं. फक्त दांड्याला हात लावू नका.”

दुपारच्या राउंडला पुन्हा तेच रस्ते होते. सवय एका दिवसात जात नाही. मामांचा डावा हात सारखा दांड्याकडे जायचा. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, नवशिक्यासारखं, आणि स्वतःलाच हसू लागले. संध्याकाळी पंपावर टाकी फूल झाली. मी आकडा दोनदा मोजला, कारण मला तो पटेना. तेवीस.

“तुमच्यापरीस दोन जास्तच की मॅडम,” मामा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं. पण त्याहून जास्त आनंद झाला.

रिपोर्ट मी त्याच आठवड्यात लिहिला. लॅबची गाडी रोज शंभर किलोमीटर शहरातच फिरते. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागली असती आणि मी ‘घेऊ नका’ म्हटलं असतं. बावीस धरलं तर साडेतीन वर्षं. तेव्हा घ्या. मात्र आठवड्यातून एकदा सांगोल्याला तपासणी कॅम्पसाठी जायला भाड्याची गाडी पुरे. मोकळ्या हायवेवर थांबाथांबी नसते, तिथे हायब्रिडचा फायदा बराच कमी होतो. आणि कुणी घर ते ऑफिस दिवसाला दहा किलोमीटर फिरत असेल, तर त्याने या भानगडीत न पडलेलं बरं.

रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा मामा पार्किंगमध्ये वाट बघत होते. “मॅडम, त्यात माजं येक वाक्य लिवाल का? प्याट्रोल चोरीला गेलं न्हाय म्हनून.”

“पहिलंच वाक्य ते आहे मामा.”

डॉक्टरांनी ते वाक्य सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचलं. गाडी घ्यायची ठरली, आणि बाकीच्या दोन ड्रायव्हरना ती शिकवायचं काम मामांकडे आलं. बाहेर पडताना गड्डम सरळ मामांपाशी गेले. मी मागेच होते.

“मामा, चुकलं माझं.”

“चुकलं तर माजंबी हुतंच की सायेब,” मामा म्हणाले. “पर येकडाव इचारायचं की, मामा, गाडी कशी चालीवता म्हनून. म्या लपवलं नसतं. लई कवतिकानं सांगितलं असतं.”

मीसुद्धा टायर, ब्रेक, टाकी, सगळं तपासलं होतं. चालवणाऱ्याला तेवढं विचारलं नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर शिकले ते एवढंच. ॲव्हरेज कमी आलं की बॉनेट उघडायच्या आधी शेजारच्या सीटवर जाऊन बसावं.