खातेदार संध्याकाळी येतील

ओंगार या परदेशी उपनगरातल्या त्या भाड्याच्या घरात सगळं काही सुभाषच्या नावावर होतं. लाइट, गॅस, इंटरनेट, इतकंच काय, कचऱ्याचा चाकांचा डबासुद्धा. उर्मिलाच्या नावावर एकच गोष्ट, वाचनालयाचं कार्ड; आणि त्यावरही दंड. "अगं, तुझ्या नावावर मी आहे ना!" असं म्हणून सुभाष स्वतःच्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसायचा. नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून येताना त्याने तिला सांगितलं होतं, "कागदपत्रांची कटकट माझ्याकडे." शब्द पाळला त्याने. मागच्या ऑक्टोबरात ऑफिसच्या जिन्यात त्याचं हृदय थांबलं, तोवर पाळला.

मग उर्मिला एका पाळणाघरात कामाला लागली. गोऱ्या गालांच्या पोरांना मऊ भात भरवू लागली. कायम वास्तव्याचा अर्जही तिने आता स्वतःच्या नावाने केला. अर्ज गेला, तो गेलाच.

इकडे ऑगस्टात मुलीला, अनुष्काला, हव्या त्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. सरकारी मदत मागितली, तर उत्तर आलं, आधी कायम वास्तव्य मिळू द्या. शेवटी कॉलेजचाच एक मदतनिधी सापडला. वास्तव्याचा निकाल लागायचा असला तरी तिथे अर्ज करता येत होता. कागद तीन हवे होते: वास्तव्याचा अर्ज पोचल्याचं पत्र, सुभाषच्या मृत्यूचा दाखला आणि उर्मिलाच्या नावाचं लाइटबिल. मुदत पुढच्या शुक्रवारची. मदत नाही तर कॉलेज नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघीही त्यावर बोलत नव्हत्या.

दोन कागद तयार होते. तिसऱ्यापाशी घोडं अडलं.

तसं पाहिलं तर लाइटकंपनीला एक फोन पुरला असता. पण दर दोन महिन्यांनी दारातल्या फटीतून 'मिस्टर सुभाष पाटणकर' असं छापलेलं लाइटबिलाचं पाकीट पडायचं. उर्मिला ते उचलायची, "तुझं पत्र आलंय हो," असं हळूच म्हणायची आणि किचनच्या प्रेसमध्ये ठेवून द्यायची. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या वर्षी उर्मिला त्यात इस्त्री शोधत बसली होती. आता तिथे डाळींच्या डब्यांमागे सुभाषची पाच पाकिटं होती. दुसरं कोण लिहीत होतं त्याला?

सोमवारी तिने फोन लावला. पलीकडची बाई गोड होती.

"खातेदाराशी बोलावं लागेल हं मला. आहेत का ते?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"संध्याकाळी," उर्मिला म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

नऊ वर्षं तेच तर उत्तर होतं. दारावर कुणी येवो, कुणाचा फोन येवो, संध्याकाळी येतील. जीभ आपली रुळावरून निघून गेली.

अनुष्का जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "आय'ल डू इट, इट्स ग्रँड." तिकडे 'काही हरकत नाही'लाही ग्रँड म्हणतात.

"नको गं. तू नको सांगूस ते. मी सांगते."

दुसऱ्यांदा फोन लावताना उर्मिलाने वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं. इंग्रजी तिला चांगलं येत होतं, तरीही लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर पलीकडची बाई म्हणाली, "फार वाईट झालं हो." आणि की-बोर्डचा टकटक आवाज येऊ लागला. सुभाष पुसला जायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

बिल गुरुवारी आलं. 'मिसेस उर्मिला पाटणकर'. अनुष्काने फोटो काढून लगेच पाठवला. ऑक्टोबरात निधीचं पत्र आलं: पहिल्या वर्षाची फी मंजूर. वास्तव्याचा अजून पत्ता नाही. त्या दिवशी उर्मिलाने शिरा केला आणि सवयीने तीन वाट्या काढल्या.

त्याच आठवड्यात फटीतून आणखी एक पाकीट पडलं. कचरावाल्या कंपनीचं. 'मिस्टर सुभाष पाटणकर'.

"आई, धिस वन टू? चेंज करू?"

उर्मिलाने पाकीट तिच्या हातातून घेतलं.

"कॉलेजने मागितलंय का हे?"

"नाही."

"मग राहू दे की," ती म्हणाली, आणि डाळींचे डबे बाजूला सारू लागली.